परत सांगा: विखुरलेल्या टीमच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून या नोंदी. काम असं: शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी ऑर्डर घेण्यापासून बिल काढण्यापर्यंतची एक प्रणाली. मार्चपासून शाळांच्या ऑर्डरींची गर्दी होते आणि जूनच्या मध्यात शाळा उघडायच्या आत माल पोचावा लागतो. तेव्हा फेब्रुवारीत एका कारखान्यात चाचणी आणि मार्चअखेर सगळं सुरू. तारीख पुढे ढकलायला वाव नाही, कारण शाळा आपल्यासाठी थांबत नाहीत.

आम्ही आठ जण. सोलापुरातल्या 'सात रस्ता' चौकाजवळच्या खोलीत तिघं: मी, भाई आणि जुळे सोलापूर भागातला एक नवा मुलगा. अण्णा पूर्व भागातल्या घरून काम करतात. पुण्यात एक जण, कारखानदारांशी बोलणं त्याच्याकडे. बार्शीत टेस्टिंग करणारा पोरगा. डेटाबेस कलबुर्गीच्या मॅडमकडे. रिपोर्ट करणारी मैत्रीण लग्नानंतर इंग्लंडात लेस्टरला गेली, ती तिथून. कोड, बिल, कर यांची चिंता करायला माणसं आहेत. बोलण्याची चिंता कोणाकडेच नव्हती, ती मी घेतली.

आठ जणांत दोघादोघांच्या जोड्या काढल्या तर २८ होतात. नववा आला की ३६. एक माणूस वाढला की आठ नव्या वाटा तयार होतात आणि प्रत्येक वाटेवर काहीतरी सांडू शकतं. एका खोलीत बसलेल्यांचं सांडलेलं निदान कुणाला तरी दिसतं. आमच्या बाबतीत ते दिसणारही नाही.

९ जानेवारी, गुरुवार

बोलणं सध्या कुठे कुठे होतं ते प्रत्येकाला विचारलं. व्हॉट्सॲप ग्रुप, त्याशिवाय तिघा-चौघांचे छोटे ग्रुप, थेट फोन, ईमेल, कामांचा बोर्ड आणि व्हिडिओ कॉल. पुण्याचा म्हणाला, रंगांच्या नावांची यादी ठरली आहे. कुठे ठरली? फोनवर, मॅडमशी. मॅडम म्हणाल्या, चर्चा झाली होती, पण ठरलं असं त्यांना वाटलं नव्हतं. दोघंही खरं सांगत होते.

निर्णय नेमका कोणत्या वाक्याला झाला हे फोनवर कळत नाही. समोरासमोर असलो तर कोणी वही मिटतं, कोणी उठतं, त्यावरून कळतं की विषय संपला. फोनवर नुसतं "बरं, ठेवतो" होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

सिद्धेश्वर यात्रेचे मुख्य दिवस झाले. नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. या दिवसांत सोलापूरकर कामात नसतो हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. पण लेस्टरला आणि पुण्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तिकडून प्रश्न येत राहिले, इकडून उत्तर नाही. लेस्टरची मैत्रीण मूळची लातूरची. तिने सोमवारी विचारलं होतं, "माझं काही चुकलं का? कुणी बोलतच नाहीये." हे वाचून मला फार वाईट वाटलं. आम्ही गड्ड्यावर, म्हणजे यात्रेतल्या जत्रेत, फिरत होतो आणि तिकडे एक माणूस आपण काय केलं याचा विचार करत बसलं होतं.

लगेच एक सामायिक कॅलेंडर केलं. सरकारी सुट्ट्यांची यादी त्यात आपोआप येते, पण ती पुरत नाही. यात्रा, कलबुर्गीकडची उगादी, रमजान, लेस्टरकडच्या बँक सुट्ट्या, बार्शीच्या पोराची परीक्षा, सगळं ज्याने त्याने आपल्या हाताने घालायचं. अण्णांनी एक गोष्ट घातली जी मला कधी सुचली नसती: पाणी. त्यांच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ येतो आणि त्या वेळेला घरातला प्रत्येक हात लागतो. "त्या तासाला मी नाही म्हणजे नाही, ताई," म्हणाले. आता कॅलेंडरवर निळा चौकोन असतो, त्यात फक्त "पाणी". पुण्याच्याने पहिल्यांदा विचारलं, आता तोच अण्णांना आठवण करतो.

२७ जानेवारी, सोमवार

आजची नोंद सविस्तर लिहिते आहे.

चाचणीसाठी नमुन्याची बिलं काढली. पंचवीस शर्ट, २८० रुपये नग, एकूण ७,००० रुपये. कर लागला ८४० रुपये. बार्शीच्या पोराने ते बघितलं आणि बोर्डावर एकच ओळ लिहिली: "हे ३५० हवं ना?"

बरोबर होतं त्याचं. तयार कपड्यांवरचा जीएसटी नगाच्या विक्री किमतीवर ठरतो. जानेवारी २०२५ च्या दरांनुसार नग १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर १२ टक्के. २८० रुपयांच्या शर्टाला ५ टक्केच. पण आमच्या प्रणालीने बिलाची एकूण रक्कम बघितली, ती हजाराच्या वर होती आणि तिने १२ टक्के लावले. शाळेच्या गणवेशाचं हजाराच्या आतलं बिल असतं कुठे? म्हणजे जवळजवळ प्रत्येक बिल चुकलं असतं.

मी निरोप कुठून कुठे गेला ते मागे जाऊन शोधलं. पुण्याच्या सहकाऱ्याचा ग्रुपवरचा मेसेज: "हजाराच्या वर बारा टक्के, खाली पाच. बाकी नेहमीसारखं." त्याखाली पाच अंगठे. अण्णांचाही अंगठा. अण्णांना "हजाराच्या वर" म्हणजे बिल वाटलं, कारण ते त्या दिवशी बिलाच्या पानावरच काम करत होते. पुण्याच्याला नग अभिप्रेत होता, कारण तो सकाळभर कारखान्यात नगाच्या दरांवर बोलून आला होता. दोघंही हुशार, दोघंही मन लावून काम करणारे. सांगणाऱ्याने सांगितलं, ऐकणाऱ्याने वाचलं, पोच म्हणून अंगठाही दिला. तरी मधल्या मध्ये अर्थ बदलला.

या प्रकारात दोष कुणाला द्यायचा हे शोधत बसणं व्यर्थ आहे. मला छळतोय तो अंगठा. त्याने "वाचलं" एवढंच कळतं आणि आपण "कळलं" असं धरून पुढे जातो. खोलीत बसून हेच बोलणं झालं असतं तर अण्णांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं असतं, "इथे लावू?" आणि पुण्याचा तिथेच म्हणाला असता, "नाही, त्या वरच्या ओळीत."

बोट ठेवून विचारण्याची ती जागा दूरच्या माणसाला कशी द्यायची, एवढाच प्रश्न आहे. उत्तर आज नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काका जेवायला आले होते. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात त्यांनी आयुष्यभर नोकरी केली, शेवटी स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असं चाललं होतं, मी सहज अंगठ्याची गोष्ट सांगितली. काकांनी हातातला घास खाली ठेवला.

"अगं, समोरचा हो म्हणाला म्हणून काय गाडी सोडायची?"

मग त्यांनी सांगितलं. पुढच्या स्टेशनचा मास्तर फोनवर लाईन क्लिअर देतो, म्हणजे लाईन मोकळी आहे, गाडी सोडा असं कळवतो, तेव्हा त्याला सोबत प्रायव्हेट नंबर द्यावा लागतो. नंबरांची छापील यादी प्रत्येक स्टेशनात गुप्त ठेवलेली असते, एक नंबर वापरला की तो खोडायचा. इकडच्या मास्तरने तो नंबर रजिस्टरात वेळेसकट लिहायचा. निरोप परत म्हणून दाखवायचा, गाडीच्या नंबरासकट. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक दोघांना सिग्नल समोर दिसत असतो, तरी प्रत्येक सिग्नल मोठ्याने पुकारतात, एकाने म्हटलं की दुसऱ्याने म्हणायचं. "डोळ्याला दिसतंय तरी तोंडाने बोलायचं. आणि तुम्ही डोळ्याआड असलेल्या माणसाचा अंगठा बघून कामाला लागता."

रात्री बराच वेळ यावर विचार केला. काकांची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. रेल्वेचा निरोप ठरलेल्या साच्यातला असतो: गाडी अमुक, लाईन मोकळी, नंबर अमुक. तो शब्दाला शब्द परत म्हटला की झालं. आमचे निरोप मोकळ्या भाषेत असतात. अण्णांनी "हजाराच्या वर बारा, खाली पाच" हे शंभर वेळा परत म्हटलं असतं, तरी त्यांच्या डोक्यात बिलच राहिलं असतं. आम्हाला शब्द परत सांगून भागणार नाही, उदाहरण परत सांगावं लागेल. आकड्यासकट.

३ फेब्रुवारी, सोमवार

नियम मांडला. ज्या निरोपावरून कोणी काहीतरी बनवणार आहे, त्या निरोपाला अंगठा चालणार नाही. बनवणाऱ्याने स्वतः एक उदाहरण करून परत पाठवायचं आणि सांगणाऱ्याने "बरोबर" किंवा "नाही" लिहायचं. "बरोबर" येईपर्यंत काम सुरू करायचं नाही.

अण्णांनी पहिलं उदाहरण पाठवलं: "शर्ट २८०, २५ नग, ७,०००, कर ३५०. ब्लेझर १,१५०, १० नग, ११,५००, कर १,३८०. दोन्ही एकाच बिलात. बरोबर?" पुण्याहून उत्तर: "बरोबर." त्यामागोमाग पुण्याच्याचाच प्रश्न: "शर्ट-पँट सेट म्हणून एकच दर लावून विकला तर नग कशाला धरायचं?" हा प्रश्न आधी कुणालाच पडला नव्हता. सीएंकडे पाठवला.

हे मला अपेक्षित नव्हतं. उदाहरण करायला बसलं की कडेचे प्रश्न आपोआप वर येतात. नुसत्या वाचण्यात ते येत नाहीत.

जुळे सोलापूरचा मुलगा जरा नाराज होता. "ताई, म्हणजे आपल्याला कळत नाही असं धरायचं का?" मी त्याला काकांच्या ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. सिग्नल पुकारणाऱ्याला दिसत नाही असं कुणी म्हणत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

रोज संध्याकाळी साडेसहाचा कॉल तासभर चालतो. आठ जण एकामागून एक काय केलं ते सांगतात, सात जण आपली पाळी यायची वाट बघतात. अण्णांच्या घराला लागून यंत्रमाग आहेत. त्यांनी माइक उघडला की खटखट सगळ्यांच्या कानात, म्हणून ते माइक बंदच ठेवतात आणि हळूहळू बोलणंच बंद करतात. करप्रणालीचा सगळ्यात जाणता माणूस कॉलवर गप्प, आणि कारण काय तर शेजारचा माग.

आजपासून रोजचा आढावा लेखी, कॉल आठवड्यातून दोनदाच आणि तोही फक्त ज्यावर बोलायला हवं त्यासाठी. लेखी आढाव्यात तीन गोष्टी: काय पूर्ण झालं, कुठे अडलं, कोणाकडून काय हवं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक तीच गाळतात. "बिलाचं काम चालू आहे" एवढं लिहिलं तर काहीच कळत नाही, त्यावर कोणी मदतही करू शकत नाही. "परतीच्या मालाचं बिल अडलंय, मॅडमकडून जुन्या बिलाचा क्रमांक हवा" असं लिहिलं की मॅडमना लगेच दिसतं.

लिपीचा आग्रह ठेवला नाही. मॅडम मराठी छान बोलतात, पण टाइप करायला त्यांना रोमन सोपं पडतं. अण्णांना टाइप करण्याचाच कंटाळा, ते आवाजी मेसेज पाठवतात, मराठीत सुरू होऊन मधेच तेलुगूत जाणारे. ठरलं असं की आवाजी मेसेज चालेल, पण सोबत एक लिहिलेली ओळ हवीच, कारण आवाजात काही शोधता येत नाही. आकडे आणि पानांची नावं मात्र स्क्रीनवरून जशीच्या तशी उचलायची.

१७ फेब्रुवारी, सोमवार

निर्णयवही सुरू. सॉफ्टवेअरच्या रचनेतले निर्णय थोडक्यात, कारणासकट लिहून कोडाशेजारीच ठेवावेत ही पद्धत मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडली आणि ती जगभर रुळली. आम्ही ती फक्त कोडापुरती न ठेवता सगळ्याच निर्णयांना लावतो आहोत. पहिली नोंद अशी:

"विषय: शर्ट आणि ब्लेझर एकाच बिलात. ठरलं: कर प्रत्येक ओळीवर वेगळा. कारण: मर्यादा नगाच्या किमतीवर आहे. दुसरा विचार: दोन वेगळी बिलं, नको, शाळा एकच बिल मागते. ठरवणारे: अण्णा, पुणे. पुन्हा बघायचं: दर बदलले तर."

सहा ओळी. "दुसरा विचार" ही ओळ मी हट्टाने ठेवली आहे. काय ठरलं हे कोडातून कळतं, पण काय टाकून दिलं आणि का, हे कुठेच उरत नाही. मग चार महिन्यांनी कोणीतरी उत्साहाने तीच टाकून दिलेली कल्पना घेऊन येतं आणि सगळी चर्चा पहिल्यापासून.

३ मार्च, सोमवार

रमजान सुरू झाला. कॉल संध्याकाळी साडेसहाला, रोजा सोडायची वेळ पावणेसातच्या आसपास. भाई विजापूर वेशीजवळ राहतात. गेल्या वर्षी दुसऱ्या प्रकल्पात ते रोज कॉल संपवून धावत घरी जायचे, कुणाला काही बोलले नाहीत. यंदा कॅलेंडरवर त्यांनी आधीच लिहिलं होतं, म्हणून प्रश्न सुटला. कॉल दुपारी तीनला आणला. लेस्टरला तेव्हा सकाळचे साडेनऊ. तिला तर हेच बरं पडतं, आधी तिची जेवणाची वेळ कॉलमध्ये जायची आणि तीही कधी बोलली नव्हती.

दोघं माणसं इतके दिवस गैरसोय सोसत होती. अशी माणसं तक्रार करत नाहीत, म्हणून वेळ ठरवणाऱ्यानेच विचारायला हवं.

१२ मार्च, बुधवार

आज जे घडलं ते दूर बसलेल्यांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

दुपारी खोलीतून आम्ही तिघं खाली टपरीवर चहाला गेलो. उधारीच्या पानाबद्दल बोलणं निघालं. शाळा पैसे हप्त्याने देतात, तेव्हा बाकी दाखवायची कशी? चहा संपेपर्यंत एक छान तोडगा निघाला. वर येऊन नव्या मुलाने तो लगेच करायला घेतला. संध्याकाळी लेस्टरहून मेसेज: तिने त्याच पानाचा रिपोर्ट दोन दिवस खपून तयार केला होता, जुन्या रचनेवर. तो सगळा बदलावा लागणार.

ती रागावली नाही. "तुम्ही तिथे एकत्र आहात, साहजिक आहे," एवढंच लिहिलं. हे वाक्य मला रागापेक्षा जास्त लागलं, कारण त्यात तिने स्वतःला बाहेरचं धरलं होतं.

एमआयटीतले थॉमस ॲलन यांनी संशोधन आणि अभियांत्रिकीच्या संस्थांमध्ये कोण कोणाशी किती बोलतं याचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. दोघांच्या टेबलांमधलं अंतर वाढलं की कामाचं बोलणं झपाट्याने घसरतं आणि साधारण पन्नास मीटरच्या पुढे ते जवळजवळ तळालाच जातं. पन्नास मीटर! एका मजल्याचं दुसरं टोक. म्हणजे सगळेच दूर असतील तर निदान सगळे सारख्याच अडचणीत असतात. तिघं जवळ आणि पाच दूर, ही रचना जास्त अवघड. जवळच्यांचं बोलणं आपोआप होतं, त्यासाठी कष्ट पडत नाहीत, म्हणून ते बोलणं झालं हेसुद्धा लक्षात राहत नाही.

टपरीवर कामाचं बोलायचं नाही असा नियम करणं खुळेपणाचं ठरेल. माणसं बोलणारच, बोलायलाच हवं. आम्ही असं ठरवलं: टपरीवर सुचलेलं काहीही "सुचलंय" म्हणून ग्रुपवर जाईल, "ठरलंय" म्हणून नाही. दूरच्या पाचांना एक पूर्ण कामाचा दिवस मिळेल, त्यांचं म्हणणं आलं की मग निर्णयवहीत. दुसरं, व्हिडिओ कॉलला आम्ही तिघंही आपापल्या लॅपटॉपवरून, हेडफोन लावून बसणार, एका खोलीत असलो तरी. एका स्क्रीनसमोर तिघं बसले की ते एकमेकांकडे बघून हसतात, खालच्या आवाजात बोलतात आणि पलीकडच्यांना फक्त हलणारी डोकी दिसतात.

पहिल्या दिवशी भाईंना ते विचित्र वाटलं, हाताच्या अंतरावरच्या माणसाशी हेडफोनवरून बोलायचं म्हणजे. पण मॅडम कॉल संपल्यावर म्हणाल्या की आज पहिल्यांदा त्यांना सगळं बोलणं ऐकू आलं.

२४ मार्च, सोमवार

रविवारी ३० तारखेला इंग्लंडात घड्याळं एक तास पुढे जातात. आपल्याकडे त्या दिवशी पाडवा, दुसऱ्या दिवशी बहुधा ईद. त्यामुळे कुणाच्या लक्षात येणार नाही म्हणून आजच लिहिते. आपल्यातलं आणि लेस्टरमधलं अंतर साडेपाच तासांवरून साडेचार होतं, ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. कॉलचं आमंत्रण भारतीय वेळेला बांधून ठेवलं आहे, तेव्हा आपले तीन म्हणजे तिचे साडेदहा. वेळ लिहिताना कुणाच्या घड्याळाची ते नेहमी लिहायचं, नुसतं "तीनला" नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मार्चअखेर प्रणाली सुरू झाली, आता कारखान्यातून रोज प्रश्न येतात. ऊन रणरणतंय, मधूनमधून वीज जाते, त्यात सगळ्यांचे सूर चढलेले.

काल मॅडमनी साइजच्या तक्त्यात बदल केला. नव्या मुलाने लिहिलं, "हे का बदललं?" त्याला खरंच कारण हवं होतं. मॅडमना ते जाब विचारल्यासारखं वाटलं. त्यांनी लांबलचक खुलासा लिहिला, त्याने "ओके" उत्तर दिलं, त्यांना ते तुटक वाटलं. संध्याकाळपर्यंत दोघं गप्प. मी दोघांना फोनवर एकत्र घेतलं. पाचव्या मिनिटाला दोघं हसत होते, आणि बदलाचं कारणही समजलं: एका शाळेचे साइज वयावर होते, छातीच्या मापावर नव्हते.

लिहिलेल्या वाक्यात सूर नसतो, वाचणारा तो आपल्या मनातून घालतो आणि थकलेला माणूस वाईटच सूर घालतो. आता एवढं पाळतो आहोत: एकाच गोष्टीवर दोनदा उलटसुलट लिहिणं झालं आणि तरी उलगडलं नाही, तर तिसरा मेसेज लिहायचा नाही, फोन लावायचा. फोनवर जे समजलं ते मग दोन ओळींत लिहून ठेवायचं. नव्या मुलाने आपणहून प्रश्नासोबत कारण लिहायला सुरुवात केली: "मला रिपोर्ट जुळवायचाय, म्हणून विचारतोय, हे का बदललं?" अर्ध्या ओळीने फरक पडतो.

फोन कशासाठी, हेही ठरवून टाकलं. कारखान्यात बिल निघत नाहीये, तर थेट फोन, कुठल्याही वेळी. बाकी सगळं लेखी, आणि उत्तर त्याच दिवशी अपेक्षित नाही. ही मुभा उघड सांगावी लागते. नाहीतर लोक रात्री जेवताना फोन उलटा करून ठेवतात आणि मन त्यातच.

एका ओळखीच्या व्यावसायिकाने सुचवलं की घरून काम करणाऱ्यांच्या स्क्रीनचे ठरावीक वेळाने फोटो घेणारं सॉफ्टवेअर बसवा. मी स्पष्ट नाही म्हटलं. अण्णा दुपारी पाणी भरतात आणि रात्री दहाला कोड लिहितात, त्यांच्या स्क्रीनचा दुपारचा फोटो मला काय सांगणार? शिवाय पाळत आहे असं कळलेला माणूस अडचण लिहीत नाही, लपवतो. आणि आम्हाला तर अडचणच सगळ्यात आधी हवी असते.

२२ एप्रिल, मंगळवार

बार्शीच्या पोराबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. कॉलवर तो जवळजवळ बोलतच नाही. विचारलं की "काही नाही ताई, सगळं बरोबर आहे." पण बोर्डावर त्याच्या नावाच्या ओळी बघितल्या तर प्रकल्पातल्या मोठ्या चुका त्यानेच पकडल्या आहेत, त्या जीएसटीच्या चुकीसकट. सगळे त्याच्याहून वयाने मोठे, मोठ्यांच्या बोलण्यात मधे कसं बोलायचं, हा संकोच. आपल्याकडे तो चांगल्या वळणाचा मानला जातो आणि मुलं तसंच शिकलेली असतात.

त्याला कॉलवर बोलतं करायचा आग्रह मी सोडला. त्याऐवजी कॉलच्या आदल्या दिवशी विषय लिहून पाठवतो आणि प्रत्येकाने एक शंका लिहायचीच, मोठ्यांनीसुद्धा. कॉल त्या शंका वाचूनच सुरू होतो. आता त्याची शंका अण्णा मोठ्याने वाचतात आणि त्यावर पंधरा मिनिटं बोलतात. परवा पहिल्यांदा तो मधे म्हणाला, "नाही अण्णा, तसं नाही म्हणायचं होतं मला."

५ मे, सोमवार

नववी व्यक्ती आली: अक्कलकोटहून काम करणारी मुलगी, कारखान्यातल्या लोकांना प्रणाली शिकवायला. वाटा ३६ झाल्या.

तिला पहिल्या दिवशी कुणी काही समजावून सांगितलं नाही, निर्णयवही वाचायला दिली. दुपारी तिचा पहिला मेसेज: "सेटचा दर आला तर नग कशाला धरायचं, हे फेब्रुवारीत सीएंकडे पाठवलंय असं लिहिलंय. उत्तराची नोंद कुठे दिसली नाही." शोधलं. उत्तर ईमेलने पुण्याला आलं होतं, त्यानुसार कोडही बदलला होता, वहीत मात्र चढलं नव्हतं. पुण्याच्याने तासाभरात नोंद केली, तिने त्यावर सेटच्या बिलाचं उदाहरण करून परत पाठवलं, अण्णांनी "बरोबर" लिहिलं.

आता वहीतले उघडे प्रश्न दर सोमवारी एक जण बघेल, आळीपाळीने. पहिली पाळी मॅडमची. या आठवड्याची कामं: परतीच्या मालाची बिलं, अक्कलकोट रोडच्या कारखान्यात शिकवणी, आणि कॅलेंडरवर आषाढी वारीचे दिवस घालणं, कारण पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांत त्या काळात टेम्पो वेळेवर पोचत नाहीत.